मातृभाषेचा रकाना

प्रत्येक जिल्हा परिषद शाळेच्या लोखंडी कपाटात एक जाडजूड वही असते. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. मूल शाळेत दाखल झाले की त्याची एक ओळ तिच्यात लिहिली जाते, आणि ते मूल पुढे म्हातारे झाले तरी ती ओळ तशीच राहते. नाव, आईचे नाव, धर्म, जात, मातृभाषा, जन्मस्थळ, जन्मतारीख असे रकाने ओळीने आखलेले असतात. तीस वर्षांच्या प्राथमिक शिक्षकी पेशात मी हे रकाने किती वेळा भरले असतील याची गणती नाही.

यातला जातीचा रकाना आम्ही फार जपून भरतो. त्याला कारण आहे. जातीचा दाखला आणि पुढे त्याची पडताळणी यांसाठी शाळेतली नोंद हा मोठा पुरावा असतो. अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला १९५० पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा कागद शोधावा लागतो. आजोबांच्या नावाची ओळ सापडावी म्हणून माणसे दूरदूरच्या गावांहून येतात, आणि ती सापडली की त्यांच्या डोळ्यांत पाणी येते. एका अक्षराच्या चुकीने एखाद्या मुलीचा प्रवेश अडकू शकतो. म्हणून जात लिहिताना शिक्षकाचा हात सावध असतो.

त्याच ओळीत, दोन बोटांच्या अंतरावर मातृभाषेचा रकाना असतो. तो भरताना मात्र कोणी कोणाला काही विचारत नाही. पानाच्या पहिल्या ओळीत 'मराठी' असे लिहायचे आणि खाली शेवटपर्यंत 'वरीलप्रमाणे'च्या खुणा ओढत जायचे. मीही तेच केले. माझ्या आधीच्या गुरुजींनी तेच केले होते. या खुणांबद्दल मला आज काही सांगायचे आहे.

माझी पहिली नेमणूक चोपडा तालुक्यातल्या एका गावी झाली. सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. खाली केळीच्या बागा, वर पाडे. पश्चिमेला अनेर नदी ओलांडली की शिरपूर तालुका, म्हणजे धुळे जिल्हा. माझे स्वतःचे गाव शिंदखेडा तालुक्यातले, त्यामुळे मी फार दूर आलो आहे असे मला वाटले नव्हते. वर्गात गुजर, पाटील, कोळी, बौद्ध, भिल्ल आणि पावरा अशी सर्व घरांतली मुले होती. काहींचे बाप बागायतदार, काहींचे बाप त्यांच्याच शेतावर सालदार. मुले वर्गात कशी बसतात हे मी पहिल्याच आठवड्यात पाहिले. कोणी कोणाला सांगितलेले नव्हते, तरी गावातली मुले पुढे, वस्तीवरची मध्ये आणि पाड्यावरची भिंतीला टेकून मागे. मी त्यांची जागा बदलली. आपण फार मोठे काम केले असे मला वाटले. 'माझ्यासाठी सगळी मुले सारखी' हे वाक्य मी तेव्हा पालकसभेत बोलायचो, आणि ते खोटे नव्हते. मी खरोखरच सगळ्यांना सारखे वागवत होतो. सगळ्यांशी एकच भाषा बोलत होतो, सगळ्यांच्या वह्या एकाच लाल शाईने तपासत होतो.

शिक्षकांच्या बोलीत 'वळण' हा शब्द दोन अर्थांनी येतो. अक्षराला वळण असते आणि मुलालाही वळण लावायचे असते. या प्रदेशात वळण लावण्याचा इतिहास जुना आहे. १८२५ साली इंग्रजांनी खानदेशातल्या भिल्लांना कवायत शिकवून त्यांची पलटण उभी केली, तिचे ठाणे धरणगावात होते. मला वाटायचे, पलटणीचे ते वळण वेगळे आणि माझे वेगळे. त्यामागे बंदूक होती, माझ्यामागे बालभारतीचे पुस्तक. आज तेवढ्या खात्रीने हे म्हणता येत नाही.

तिसरीच्या वर्गात पावरा समाजाची एक मुलगी होती. तिचे नाव इथे लिहीत नाही. ती वर्षभर बोलली नाही. प्रश्न विचारला की ती जमिनीकडे पाहायची. दिवाळीनंतर तिचे आईवडील ऊसतोडीला गुजरातेत जात, तीही जाई, आणि होळीच्या आसपास परत येई. तिच्या प्रगतिपुस्तकात मी एक शब्द लिहिला, 'मंद'. हा शब्द लिहिताना माझ्या मनात राग नव्हता, तुच्छताही नव्हती. ते मला निरीक्षण वाटले. वाईट याचेच वाटते.

त्या वर्षी होळीच्या आधी मी सहकाऱ्यासोबत भोंगऱ्या बाजाराला गेलो. सातपुड्यातल्या आदिवासींचा हा वर्षातला सर्वांत मोठा बाजार. मोठमोठे ढोल, साखरेचे हार-कडे, डाळ्या, गूळ, नवे कपडे. आमच्या सुट्ट्यांच्या यादीत त्याचे नाव नव्हते, आणि त्या दिवशी वर्ग अर्धा रिकामा असतो याची तक्रार मी दरवर्षी करीत असे. एका दुकानापाशी मला तो आवाज ऐकू आला. पहिल्यांदा ओळखू आला नाही, कारण मी तो कधी ऐकलाच नव्हता. ती मुलगी आईशी पावरीत बोलत होती, बांगड्यावाल्याशी अहिराणीत घासाघीस करीत होती, आणि शेजारच्या कापडवाल्याला हिंदीत सांगत होती की त्याचा हिशेब दोन रुपयांनी चुकला आहे. आकडे मोजताना मध्येच गुजराती येत होती. ती उसाच्या फडातून आलेली असणार. नऊ वर्षांची पोर चार भाषांतून वावरत होती. मी पुढे झालो. तिने मला पाहिले आणि ती गप्प झाली. जमिनीकडे पाहू लागली.

जूनमध्ये ती शाळेत आली नाही. नियमाप्रमाणे काही काळाने मी पटावरून तिचे नाव कमी केले.

आता माझ्या स्वतःच्या रकान्याकडे येतो. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही मातृभाषा 'मराठी' अशीच आहे. माझी माय अहिराणीखेरीज दुसरे काही बोलत नसे. धुळ्याला मी डी.एड. करीत असताना ती एकदा न कळवता वसतिगृहावर आली, आणि दारातल्या मुलांना विचारू लागली, "मना पोऱ्या आठेच ऱ्हास ना?" मुले हसली. मी जिन्यावरून खाली आलो आणि म्हणालो, "आई, तू इथे कशाला आलीस?" मी तिला जन्मात कधी 'आई' म्हटले नव्हते. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले, पिशवीतल्या भाकरी माझ्या हातात दिल्या आणि संध्याकाळच्या एस.टी.ने ती परत गेली. मराठीचा पहिला धडा मी असा गिरवला.

ज्या धुळ्यात हे घडले ते धुळे इतिहासाचार्य राजवाडे यांचे. १९२६ साली त्यांचे तिथेच निधन झाले आणि पुढे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. मराठीतल्या एकेका जुन्या रूपाचा माग काढत फिरलेला हा माणूस. त्याच शहरात आम्हांला शिक्षक होण्याचे शिक्षण मिळत होते. पण आमच्या तोंडातला 'शे' हा 'आहे'चा अपभ्रंश नसून गुजरातीतल्या 'छे'चा सख्खा शेजारी आहे, त्याला स्वतःचा इतिहास आहे, हे आम्हांला कोणी सांगितले नाही. 'शुद्ध बोला' एवढेच सांगितले.

पुढे बाहेरून एम.ए. करताना ग्रंथालयात ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा नववा खंड पाहायला मिळाला. त्याचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. त्यात खानदेशी, म्हणजे आमची अहिराणी, मराठीच्या खंडात नाही. ती भिल्ली भाषांच्या आणि बंजारीच्या सोबत आहे. ग्रिअर्सनचे वर्गीकरण बरोबर की चूक हा अभ्यासकांचा वाद आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. मला सांगायचे आहे ते निराळेच. ते पान वाचताना माझ्या मनात जी पहिली प्रतिक्रिया उमटली तिची नोंद मला करायची आहे. मला अपमान वाटला. आपली भाषा भिल्लांच्या पंगतीत कशी, असे वाटले. वर्गात मुलांच्या जागा बदलणारा मी, पालकसभेत सगळी मुले सारखी म्हणणारा मी, छापील पानावर मात्र वेगळी पंगत मागत होतो. वर्णभेद ही गोष्ट आपण दक्षिण आफ्रिकेच्या किंवा अमेरिकेच्या इतिहासात शिकवतो. तो दिवस माझ्यापुरता ती गोष्ट धरणगाव-चोपड्याच्या भूगोलात आणून ठेवणारा होता.

योगायोग असा, की त्याच सुमारास अमेरिकेतल्या एका खटल्याची हकिगत वाचनात आली. मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर गावात, मार्टिन ल्यूथर किंग यांचेच नाव असलेल्या एका प्राथमिक शाळेत गरीब कृष्णवर्णीय मुलांवर 'शिकण्यास अक्षम' असे शिक्के बसत होते. त्यांच्या आया न्यायालयात गेल्या. १९७९ साली निकाल लागला. मुले घरी इंग्रजीची वेगळी बोली बोलतात, शाळा तिची दखल घेत नाही, आणि त्यामुळे त्यांच्या वाचन शिकण्यात अडथळा येतो, असे न्यायालयाने मानले. ती बोली ओळखायला शिक्षकांना शिकवा, असा आदेश दिला. निकालाने मुलांना प्रमाण इंग्रजीतून सूट दिली नव्हती. प्रमाण इंग्रजीपर्यंत जायचे कसे हे शिक्षकाने शिकावे, एवढेच म्हटले होते. मला माझ्या लाल शाईतला तो 'मंद' शब्द आठवला. तिच्या आईकडे न्यायालय नव्हते. कोयता होता आणि दक्षिण गुजरातचा रस्ता होता.

साहित्याच्या वाचकांना इथे बहिणाबाई आठवतील. आसोद्याच्या या निरक्षर बाईची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली, तिच्या मृत्यूनंतर. त्या गाण्यांत 'ळ'चा 'य' होतो, 'काळा'चे 'काया' होते, आणि आपण त्या बोलीला मराठी कवितेचे वैभव मानतो. विद्यापीठालाही आपण २०१८ साली तिचे नाव दिले. चौथीच्या वर्गात तिची कविता शिकवून झाल्यावर मी मुलांच्या निबंधाच्या वह्या तपासत होतो. एकाने 'केळी'ऐवजी 'केयी' लिहिले होते. मी ते खोडले. तो मुलगा धीट होता. तो म्हणाला, "गुरुजी, पुस्तकमा 'काया' चालस, मंग मन्ही वहीमा 'केयी' काब्र नही?"

मी काहीतरी उत्तर दिले. कवितेत चालते, निबंधात चालत नाही, असे काहीसे. पण त्याचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. आणि पुढे त्या प्रश्नाच्याही मागचा एक प्रश्न दिसला. त्या मुलाला निदान दाखवायला पुस्तकातला एक शब्द होता. भिंतीला टेकलेल्या मुलीला तोही नव्हता. अहिराणी किंवा लेवा बोली आमच्या शाळेत चूक म्हणून तरी लिहिली जाते. पावरी तर चूक म्हणूनसुद्धा वहीत उतरत नाही. तिच्याजागी फक्त कोरे पान असते, आणि कोऱ्या पानाला आम्ही मंदपणा म्हणतो.

शहाद्याच्या बाजूचे वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा भिल्ली कवितांचा संग्रह १९८७ साली आला, तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होते. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादावर आमच्या महाविद्यालयांतून चर्चासत्रे होत आली आहेत. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, आणि प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात हे आंतरभारतीचे स्वप्न त्यांनी पुढे पाहिले. खानदेशातला प्रत्येक मराठी शिक्षक या नावांचा अभिमान बाळगतो, मीही बाळगतो. पण आंतरभारती म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे बंगाली आणि तमिळ येते. माझ्या चाळीस मुलांच्या वर्गात एक आंतरभारती रोज हजेरीला 'हजर' म्हणत होती, आणि मी तिला एका भाषेत मोजत होतो.

या चुकीचे दुसरे रूप मी यावल-रावेरकडे बदली झाल्यावर पाहिले. तिथे तडवी भिल्ल समाज मोठा आहे. धर्माच्या रकान्यात मुस्लिम, जमातीच्या रकान्यात तडवी भिल्ल. एका तडवी मुलाचा दाखला आला तेव्हा एक सहकारी सहज म्हणाले, "याला उर्दू शाळेत पाठवा, त्याला सोपे जाईल." त्या मुलाच्या घरात उर्दू कोणी बोलत नव्हते. धर्मावरून भाषा ठरली, मुलाला विचारायची गरज कोणाला वाटली नाही. पावरा मुलीची भाषा मी पुसून टाकली होती. या मुलाला नसलेली भाषा आम्ही देऊ करीत होतो. दोन्ही वेळा विचारायचे राहून गेले होते.

या सर्वांवर एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. माझे एक मित्र, मराठीचेच प्राध्यापक, म्हणतात, "तुम्ही प्रमाणभाषेच्या शिडीवरून वर आलात, आणि आता खालच्यांना शिडी वाईट असल्याचे सांगता." एका पावरा पालकाने हेच अधिक थोडक्यात सांगितले. मी त्यांना उत्साहाने म्हणालो की मुलांना पावरीतूनही शिकवायला हवे. ते म्हणाले, "पावरी आम्ही घरी शिकवतो, गुरुजी. तुम्ही मराठी शिकवा. तहसीलदार पावरीत बोलत नाही." यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. आजही पूर्ण उत्तर नाही. प्रमाण मराठी शिकवणे हे माझे काम आहे आणि ते मी चोख केले नाही तर पहिला फटका त्याच मुलांना बसेल, हे मला मान्य आहे. राज्यघटनेत १९५६ साली आलेले ३५० क कलम अल्पसंख्याक भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय असावी असे म्हणते. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे पाचवीपर्यंत मातृभाषेचा आग्रह आहे. २०११ च्या जनगणनेत भिल्ली भाषागटाचे भाषक एक कोटीहून अधिक आणि खानदेशी बोलणारे १८ लाखांहून अधिक नोंदले गेले. कलमे आहेत, आकडे आहेत. तरी त्या बापाचे म्हणणे खोटे ठरत नाही. शिडी हवीच. माझे म्हणणे इतकेच, की शिडीचा खालचा टोक मुलाच्या अंगणात टेकलेला असला पाहिजे. ती हवेत लोंबत असेल आणि मुलाने उडी मारून ती धरावी अशी आपली अपेक्षा असेल, तर जे मूल उडी मारत नाही त्याला मंद म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

२०१६ च्या जूनमध्ये मी एका शाळेत मुख्याध्यापक होतो. एक बाई मुलीला पहिलीत घालायला आली. मी तिला ओळखले नाही. तिने मला ओळखले. भिंतीला टेकून बसणारी तीच. तिने राग दाखवला नाही, उलट चहाला बोलावले. मी रजिस्टर उघडले. नाव, आईचे नाव, धर्म, जमात. मग त्या रकान्याशी थांबलो. वरच्या ओळीत 'मराठी' होते. मी इतक्या वर्षांच्या ओझ्यातून मोकळा होण्याच्या घाईने म्हणालो, "इथे पावरी लिहू या."

ती म्हणाली, "मराठीच लिहा, गुरुजी. पावरी लिहिलं तर पोरीले मंद म्हणतीन."

तिला माझा शब्द ठाऊक होता की नव्हता, मी विचारले नाही. विचारण्याची हिंमत झाली नाही. मी 'मराठी' लिहिले. तो रकाना माझ्या पश्चात्तापासाठी नव्हता, तिच्या मुलीसाठी होता, आणि काय लिहायचे हे ठरवण्याचा हक्क तिचा होता. मात्र 'वरीलप्रमाणे'ची खूण मी केली नाही. अख्खा शब्द लिहिला. त्यानंतर ती खूण मी त्या रकान्यात कधीच केली नाही. प्रत्येक पालकाला विचारतो. बहुतेक जण 'मराठी'च सांगतात, काही जण हसतात, एखादा जरा थांबून 'अहिराणी' म्हणतो.

त्या वर्षी पहिलीचा वर्ग मी स्वतःकडे घेतला. पहिले काही दिवस पुस्तक उघडले नाही. वर्गाच्या मागच्या भिंतीवर, जिथे पाड्यावरची मुले टेकतात तिथेच, खडूने रकाने आखले. एकेक वस्तू हातात घ्यायची, आणि ती प्रत्येकाच्या घरी काय म्हणतात ते विचारायचे. मुलांनी सांगायचे, मी लिहायचे, शेवटच्या रकान्यात प्रमाण मराठी. आधी फक्त गावातली मुले बोलली. चौथ्या की पाचव्या दिवशी त्या मुलीने एक शब्द सांगितला. मी तो ऐकला, भिंतीवर लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला.

ती उठून पुढे आली. भिंतीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मान हलवली. मी चुकीचा उच्चार केला होता. तिने तो शब्द पुन्हा म्हटला, सावकाश, जसा आपण मंद मुलाला सांगतो तसा. मी लिहिलेले पुसले आणि तिने सांगितले तसे पुन्हा लिहिले.